उन्हातली बॅटरी

आमच्या लॅपटॉपचं बटण दाबून मी भोकरदनहून वाटूरला जाऊन आलो, वाटेत दोन चहा पिलो, तरी तो उघडला न्हाई. खोटं वाटंल, पण बिलकुल खरं. त्यात माझ्या गेलेल्या बायकोचा, पुष्पाबाईचा, नातीनं भरून ठेवलेला आवाज होता.

पुष्पा रेडिओचे थकलेले सेल उन्हात तापवून पुन्हा चालवायची. मंग मीही बॅटरी काढून पत्र्यावर ठेवली. ती भाकरीसारखी टम्म फुगली.

दुरुस्तीवाला जिनेंद्र ओरडला, "कडूबाकाका, पापड वाळवून राह्यले का? राहू द्या ती बाहेरच. बिनबॅटरीचा, थेट चार्जरवर चालंल."

चालला की! आवाज लावला.

"आवो, सेल उन्हातून काढले का?"

"काढले गं," म्हटलं.