शेजारच्या ओळीत

१९७९ च्या श्रावणात, नाशिक रोडजवळच्या एका सरकारी वसाहतीत गवत कापताना झिपरूला घोणस चावली. गवत गुडघ्याएवढं, पायात नुसत्या चपला. कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ऐकून तो मागं सरला, तोवर घोट्याला दात लागले होते. शेजारच्या ओळीत विधवा बायडाबाई कापत होती. तिनं त्याला एक पाऊल टाकू दिलं नाही. गवताच्या हातगाडीवर निजवून एकटीनं फाटकापर्यंत ढकलत नेलं. तिथून जीपनं दवाखान्यात.

झिपरूची बायको सुलाबाई धावत पोचली तेव्हा खाट मिळाली नव्हती. व्हरांड्यात सतरंजीवर तो पडला होता आणि डोकं बायडाबाईच्या मांडीवर होतं.

"वहिनी, इंजेक्शन दिलंय. वाचत्याल म्हणले डॉक्टर."

सुलाबाईनं ते डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "जा आता तू. मी हाय."

झिपरू वाचला, पण घोट्याची जखम चिघळली. तो बरा होईपर्यंत मुकादमानं सुलाबाईला कामावर घेतलं, बायडाबाईच्याच शेजारी. बायडाबाई आधी काठीनं गवत झोडपायची, मगच विळा घालायची. सुलाबाईलाही तसंच करायला लावायची. सुलाबाई ऐकायची आणि आतून जळायची. घरी झिपरूचं एकच, "बायडा होती म्हणून मी हाय."

एका दुपारी जेवायला बसल्यावर तिनं विचारलंच. "खरं सांग, तुझं न् ह्यांचं काय हाय?"

बायडाबाईनं हातातला कांदा खाली ठेवला. "त्यांचं काय नाय. माझ्या मनात हाय. त्यांना ठावं नाय, अन् मी सांगणार बी नाय."

ती नाही म्हणेल, मग कडाकडा भांडता येईल, असं सुलाबाईनं धरलं होतं. "माझ्या डोळ्यांसमोर राहू नको," एवढंच ती म्हणाली.

आठवड्याभरात बायडाबाईनं एकलहरे गावाच्या बाजूला काम मागून घेतलं.

"बायडा आली नाय का विचारपूस करायला?" झिपरूनं जेवताना विचारलं.

"काम सोडून गेली ती. एकलहऱ्याकडं."

"सांगून बी नाय गेली?"

सुलाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि हात धुतला.