सात वाजताचा दिवा

लादीपावाच्या अर्ध्या लादीएवढा एक काळा डबा आमच्या टेलिफोनच्या टेबलावर असतो. मी त्याला क्रोशाचं झबलं विणलं होतं, पुढे दिव्यांपुरतं भोक ठेवून. हसणाऱ्यांनी हसावं. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, मग यानेच काय घोडं मारलंय?

डबा कौस्तुभचा, माझ्या मुलाचा. तो कॅल्गरीला असतो, पुलांचे नकाशे काढतो. दोन हजार सातच्या गणपतीला आला तेव्हा हा डबा बरोबर घेऊन आला आणि दोन दिवस वायरी जोडत बसला.

"आई, यात दोन डिस्क आहेत. जे एकीवर तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी असते. माझ्या कॉम्प्युटरवरचं काम रोज आपोआप इथे येऊन पडेल. उद्या तिकडचं माझं घर जळलं तरी इथे आपल्या गोखिवऱ्यात सगळं शाबूत."

"सणासुदीला जरा शुभ बोल," मी म्हटलं.

वेळ त्याने सकाळी सातची ठेवली, कारण आमचं इंटरनेट रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असतं. माझी सकाळ म्हणजे त्याची आदल्या दिवसाची संध्याकाळ. तो कामावरून येऊन जेवायच्या तयारीत असेल तेव्हा इकडे डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागे. मी चहाचा कप घेऊन समोर बसायचे.

दिवे बघत बसणं मला नवीन नाही. फोर्टातल्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं काढली. समोर बोर्ड, कानाला हेडफोन. दिवा लागला की कॉर्ड घालायची, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि कुणाला नागपूर तर कुणाला सोलापूर जोडून द्यायचं. दर तीन मिनिटांनी मध्ये शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" आमचे दोन नियम होते. एकदा लाइन लागली की आपला कान काढायचा, लोकांचं बोलणं ऐकायचं नाही. आणि दोन्हीकडून आवाज येईनासा झाला तर तीनदा विचारायचं, "बोलताय ना?" उत्तर आलं नाही की कॉर्ड ओढून काढायची. रिसिव्हर नीट न ठेवता निघून जाणारे पुष्कळ असत, त्यांच्यापायी लाइन अडवून ठेवायची नाही. दोन्ही नियम मी कधी मोडले नाहीत. सुपरवायझर नव्या मुलींना मुद्दाम माझ्या शेजारी बसवायच्या.

म्हणून डब्यात काय येतं ते मी कधी उघडून पाहिलं नाही. कसं उघडायचं ते कौस्तुभने कागदावर लिहून ठेवलं होतं. पण लाइन त्याची. आपण जोडून देणाऱ्या.

दिवा मात्र वाचायचे. वीस मिनिटं लुकलुकला तर पोराला आज काम कमी. आठ वाजेपर्यंत चालला तर साहेबाने पिळून काढलंय. रविवारी आणि सोमवारी सकाळी दिवा नसे, कारण तिकडे तेव्हा शनिवार-रविवारची संध्याकाळ. डिसेंबरात एका बुधवारी दिवा लागलाच नाही. मी आठ वाजता फोन लावला, तर हा तापाने फणफणलेला.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"आईला कळतं," मी म्हटलं. एकतीस वर्षांत कमावलेली विद्या, ती अशी फुकटात कशाला सांगायची?

यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दोन खोल्यांत माझाच आवाज, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापुरता. कौस्तुभचा फोन रविवारी संध्याकाळी, पाच मिनिटं. बाकी सहा दिवस मी त्या दिव्यावर काढायचे. खरं सांगते, त्याच्यासाठी मी अंथरुणातून उठायचे. नाहीतर उठायला तसं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मार्चपासून दिवा बदलला. रोज चाळीस मिनिटं, फार तर एखादं मिनिट इकडेतिकडे. रविवार नाही, सोमवार नाही, सुट्टी म्हणून नाहीच. त्याच सुमाराला कौस्तुभने नवी कंपनी धरली होती, तिथे नवा लॅपटॉप मिळाल्याचंही त्याने सांगितलं होतं. मला वाटलं, नव्या कंपनीची शिस्त दिसतेय. बरं वाटलं आणि काळजीही वाटली.

"रविवारी काम करत जाऊ नकोस रे," मी फोनवर सांगायचे.

"नाही करत गं."

"मला सगळं कळतं."

तो हसायचा. मीही हसायचे.

मग दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी हिरव्याच्या जागी नारिंगी दिवा लागला आणि डबा पीं पीं करून ओरडायला लागला. रविवारी सात वाजले, आठ वाजले, काही आलं नाही. संध्याकाळच्या फोनवर मी कौस्तुभला सांगितलं.

"भरला असेल. तो अजून चालू आहे?" तो म्हणाला. "बंद करून टाक आई. काही गरज नाही. मी बघतो इकडे काहीतरी. बरं, गाडी चालवतोय, ठेवू?"

लहानपणापासून असाच. पाय मुरगळला तर शाळेतून लंगडत घरी येईल, पण आईला त्रास नको म्हणून सांगणार नाही. आताही आईला त्रास नको. मला रागच आला. मी काय मोडीत निघालेय? आणि डबा बंद करून टाकला तर सकाळी सातला मी करायचं काय, हे कुणी विचारलं?

मी ठरवलं, डबा वाढवायचा. त्याला न सांगता. त्याचं काम पुन्हा येऊन पडायला लागलं की त्याला आपसूक कळेल.

आमच्या नाक्यावर हरेश्वरभाऊंचं दुकान आहे. ते जवळच्या निर्मळ गावचे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. वयाने माझ्याएवढेच. रोज स्कूटरच्या पुढच्या जागेत वाडीतल्या केळ्यांची फणी ठेवून येतात आणि दिवसभर येईल त्याला केळं देतात. मी डबा पिशवीत घालून नेला. त्यांनी आधी झबलं काढून माझ्या हातात दिलं.

"ताई, याला गरम होतं त्याच्यात. मानूस असता तर बोंबलला असता."

"बरं. डिस्क मोठी मिळेल का ते सांगा."

"यात एकशे साठ जीबीच्या हायत. पाचशेच्या घालू. पन दोन्ही एकदम नाय बदलायच्या. आधी एक काढायची, तिच्या जागी नवी घालायची, नि जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरू द्यायचं. ते झालं की दुसरी. आनी मधी लाइट गेली तर वाट लागंल."

गोखिवऱ्यात लाइट सकाळी दहाला जायची ती एकला यायची. त्यांच्या दुकानात इन्व्हर्टर होता. म्हणून मंगळवारी साडेनऊला मी पोळीभाजीचा डबा आणि चष्मा घेऊन त्यांच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसले. काळा डबा तिथे सोडून घरी जायला काय हरकत होती? पण लाइन चालू असताना मी बोर्ड सोडून कधी उठले नाही, आता कशी उठेन?

पहिल्या डिस्कला साडेचार तास लागले. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, ताई, काय बघताय? मी म्हणायचे, मुलाचं काम आहे, नवी कंपनी, नवा लॅपटॉप. चार लोकांना सांगितलं. पाचव्याने विचारलं नाही तरी सांगितलं.

दोनच्या सुमाराला पट्टी भरली.

"जुनी दुसरी काढायच्या आधी एकदा उघडून बघू," हरेश्वरभाऊ म्हणाले. "नीट उतरलंय का ते."

"उघडायचं नाही."

"ताई, जुनी काढली नि नवीवर काय नसलं तर? मग मुलाला काय सांगशाल?"

"तुम्ही बघा," मी म्हटलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. मागे बराच वेळ नुसती टकटक चालली होती. मग तीही थांबली.

"ताई, जरा इकडं बघा."

"मी बघत नसते."

"बघा तरी."

पडद्यावर तारखांची रांग होती. रोजच्या तारखेचा एक कप्पा. त्यांनी गेल्या आठवड्यातला एक उघडला, त्यात एकोणीस नकाशे. ऑगस्टचा उघडला, तेच एकोणीस. मेचा उघडला, तेच. तीच नावं, तीच मापं. आणि प्रत्येकापुढे शेवटचा हात लागल्याची तारीख एकच, चौदा मार्च.

"म्हंजे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हंजे तिकडच्या त्या कॉम्प्युटरला मार्चपासून कोनी हात लावलेला नाय. नवा लॅपटॉप आला म्हनता ना? मग जुन्यावरचं शेवटचं काम एकदा पाठव, असं सांगून ठेवलं असंल. पन ते 'एकदा'च्या ठिकानी 'रोज'वर राहिलं. नि मशीन तसंच चालू. पडलं असंल कुठं कोपऱ्यात. रोज तेच तेच पाठवतं. म्हनून तर भरला डबा."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं उघडायला?" मी ओरडले. माउस घ्यायला आलेला एक माणूस आल्या पावली परत गेला. हरेश्वरभाऊंनी फणीतली दोन केळी काढून माझ्यासमोर ठेवली आणि पाठ करून काहीतरी पुसत बसले.

मी सगळे रविवार आठवले. काम करू नकोस रे. नाही करत गं. तो खरंच करत नव्हता. माझा मुलगा खरं बोलत होता आणि मी मशीनवर विश्वास ठेवला. डबा बंद करायला सांगत होता तेही मला त्रास नको म्हणून नव्हे. त्याला खरोखरच गरज नव्हती. तिकडे कॅल्गरीत कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, इकडे टेबलावर एक डबा, आणि सात महिने मी त्या दोघांच्या मध्ये चहा घेऊन बसले होते. इतकं एकटं मला हे गेले त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं, तेव्हा घरात माणसं तरी होती.

थोड्या वेळाने हरेश्वरभाऊ हळूच म्हणाले, "आता नव्या डिस्कांची गरज नाय ताई. जास्तीचं पुसून टाकू, जुन्याच परत बसवू, डबा रिकामा होईल. या दोन मी परत घेतो. मुलाला फोन करून सांगा, तिकडचं मशीन बंद कर म्हनावं. उगा लाइट जाळतंय."

त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता.

"दुसरी नवी घातली," मी विचारलं, "तर किती दिवस पुरेल?"

"कशाला?"

"असंच येत राहिलं तर. रोज चाळीस मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदावर आकडेमोड केली. "दीड वर्ष. थोडं वरच."

"घाला."

"ताई..."

"घाला म्हटलं ना."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. संध्याकाळी सातला सगळं झालं. शेवटी वाढलेली जागा वापरायला खुली करायचं बटण होतं, ते त्यांनी मला दाबायला सांगितलं. मग दुकान लावून घेतलं आणि मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडलं. डबा माझ्या मांडीवर होता.

"झबलं नका घालू," जाताना ते म्हणाले.

बुधवारी सकाळी सातला हिरवा दिवा लागला. चाळीस मिनिटं.

रविवारी कौस्तुभचा फोन आला. मी आठवडाभर एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं: तुझा जुना कॉम्प्युटर चालू राहिलाय, तो मला रोज तेच पाठवतो. तिकडे बर्फ पडायला लागल्याचं त्याने सांगितलं. डब्याचं विचारलं नाही.

"आणि तिकडे काय?"

वाक्य जिभेवर होतं. पण मुलगा आज्ञाधारक आहे. मी सांगितलं असतं तर फोन ठेवून तो त्या कोपऱ्यात गेला असता आणि बटण दाबून आला असता. हेही सांगता आलं असतं की बाबा, मला फार एकटं वाटतं, मधल्या वारी एखादा फोन करत जा. तेही वाक्य मला येत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "तू रविवारी काम करत नाहीस ना?"

"आई, किती वेळा सांगू? नाही करत."

"हो. आता पटलं मला."

"चल, ठेवू?"

"ठेव."

सोमवारी सकाळी चहा घेऊन बसले. सात वाजले, दिवा लुकलुकायला लागला. तिकडे रविवारची संध्याकाळ. कौस्तुभ कुठेतरी मित्रांकडे जेवायला गेला असेल. जावंच त्याने.

मी कप खाली ठेवला, डब्याकडे वाकले आणि नियमाप्रमाणे विचारलं, "बोलताय ना?"

दिवा लुकलुकत होता.

"बोलताय ना?"

आमच्या मजल्यावर कुणाची तरी कुकरची शिट्टी झाली.

"बोलताय ना?"

बटण डब्याच्या मागे आहे, बसल्या जागेवरून हात पोचतो. मी हात लावला. डबा गरम होता, हरेश्वरभाऊ म्हणाले तसा. एकतीस वर्षांत अशी एकही लाइन मी चालू ठेवली नव्हती. एक्स्चेंजमधल्या कुणी मला तेव्हा बघितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

मी हात काढून घेतला.

"तीन मिनिटं झाली," मी म्हटलं. "वाढवते."

आणि सात चाळीसपर्यंत तिथेच बसून राहिले.