सायंकाळची पडताळणी

मॅरेथॉनचा मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला मोजयंत्र असते. मोजायला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर ते तीनशे मीटरच्या आखीव पट्ट्यावर चाक फिरवून पडताळायचे असते. एल्डोरेट या आमच्या धावपटूंच्या शहरातल्या तंत्रनिकेतनात हा नियम मी तीस वर्षे शिकवला. रस्ता खणल्यामुळे मार्ग ऐनवेळी बदलला, आणि शुक्रवारी मी तो नव्याने मोजला. सायंकाळी मात्र पट्ट्यावर न जाता टायर अंगठ्याने दाबून पाहिला, घट्ट वाटला, आणि चहाला निघून गेलो.

रविवारच्या शर्यतीत आमच्याकडची धावपटू जेलगत दोन तास एकोणतीस मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत आली. परदेशातील मोठ्या शर्यतीसाठी अडीच तासांच्या आत येणे आवश्यक होते. वय चौतीस, ही अखेरची संधी. तिच्या आईने वाळवलेल्या भोपळ्याच्या भांड्यातले आंबवलेले दूध तिच्या ओठांना लावले. आमच्याकडे ते जिंकून आलेल्यालाच पाजतात.

सोमवारी सायकल काढली, तर पुढच्या चाकात हवा नव्हती. बारीक छिद्र होते. मोजताना हवा उतरत गेली होती, आणि लहान झालेल्या चाकाने अंतर वाढवून सांगितले होते. मी दोनदा पुन्हा मोजले. मार्ग सत्तर मीटर कमी होता. आकड्यांचा कागद घेऊन मी जेलगतच्या घरी गेलो.

"या काका! पायांकडे बघू नका, दोन नखं कालच गेली."

"जेलगत, मार्ग आखूड होता."

ती हसली. "मग शेवटचा चढ एवढा लांब कसा वाटला?"

मी कागद पुढे केला. तिचे हसू विरले.

"सत्तर मीटर. म्हणजे पंधरा सेकंद," हिशेब तिनेच केला. "तसंही तीन सेकंदांनी हुकलंच असतं."

"शेवटची रेषा सत्तर मीटर पुढे असती, तर तेवढे तीन सेकंद तू काढले असतेस."

"ते आता कुणाला कळणार, काका?"

मी कागदाची घडी घातली.

"कळवलंत का कुणाला?" आईने दारातून विचारले. "नसेल, तर राहू द्या ना."

"आई, गप्प बस. अहवाल पाठवा, काका. परदेशात त्या शर्यतीत कुणी बोट दाखवलं, तर जास्त लागेल."

निघताना आई भोपळा विसळत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाजलेलं दूध आता परत कसं घेऊ?"

अहवालात 'कारण' या रकान्यात छिद्राचा उल्लेख मी केला नाही. लिहिले: सायंकाळची पडताळणी केली नाही.