एकविसावा खवला

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पुढे ड्रॅगनचं आ वासलेलं तोंड, मागे वळलेली शेपूट. नागपुरातल्या एका तलावावर दर हिवाळ्यात ड्रॅगन होड्यांचा उत्सव भरतो, तिथे मी धावते. आज मात्र फुशारकी नाही, माझी लाज सांगायची आहे.

मला कवडू ढीवराने घडवलं. त्याच्या चार पिढ्या याच तलावात जाळं टाकत आल्या. शहरातल्या वीस समाजांनी माझ्या अंगावर एकेक खवला रंगवायचा, असं उत्सवाचे प्रमुख महादेवराव यांनी ठरवलं होतं. कवडूने एकवीस कोरले.

रंगवायचा दिवस आला. बंगाली बायकांनी शंख काढला, कामठीच्या विणकरांनी धोटा, स्वेटर विकणाऱ्या तिबेटी मंडळींनी डोंगर. कवडूची बायको वच्छला निळ्या रंगाचा डबा घेऊन उभी होती. तिला जाळं काढायचं होतं.

"साहेब, हा एक आमच्यासाठी ठेवला जी," कवडू म्हणाला.

महादेवराव हसले. "तुले काहून पाहिजे गा खवला? तू तर घरचाच माणूस."

वच्छलाने डबा पदराखाली झाकला. माझं तोंड उघडंच होतं, पण मी बोलले नाही. खरं सांगते, वीस समाजांची वाहवा ऐकून मीही तेव्हा फुगले होते.

शर्यतीच्या दिवशी कवडू काठावरून ओरडत होता, "उभे होऊ नका गा, होडी पलटते." पण फोटोवाल्याने हाक मारली आणि सगळे वल्हेकरी एकाच अंगाला उठले. मी उलटले. जॅकेटं होती म्हणून माणसं तरंगली. काठाला आणलं ते कवडूने आणि त्याच्या भावकीने, आपल्या डोंग्यांतून. संध्याकाळी मंचावर वीस समाजांची नावं एकेक करून वाचली. आभार मानले 'स्थानिक नागरिकांचे'. मला पाण्यातून वर काढलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी महादेवराव ब्रश घेऊन, मान खाली घालून आले. "वच्छलाबाई, चुकलं आमचं. काढा तुमचं जाळं."

"राहू द्या साहेब," ती शांतपणे म्हणाली. "त्या रंगानं मी आमचं दार रंगवलं जी."

त्याला सात वर्षं झाली. दर हिवाळ्याआधी वीस खवले उजळतात. मित्रांनो, पाहुण्यांना जरूर बोलवा. पण घरचा म्हणून कुणाला दाराबाहेर ठेवू नका. अजूनही कवडूच मला तेल चोळतो. एकविसाव्या खवल्यापाशी त्याचा हात जरा थांबतो आणि बाजूने निघून जातो.