पिठाचा वाटा

आश्विन आला, की भोरकडा पिवळा होतो. माथा पिवळा, उतार पिवळा, कपारींच्या कडा पिवळ्या. गवताला तुरे फुटतात, तुऱ्यांवर पराग धरतो, आणि वाऱ्यानं नुसती कूस बदलली, तरी सारा डोंगर सुवर्णधूलीचा उच्छ्वास टाकतो. शहरातली माणसं गाड्या करून येतात, त्या पिवळ्या वैभवात उभी राहून छाती भरून घेतात आणि म्हणतात, काय हवा आहे इथली. या हवेचं कौतुक मला सांगू नका. पायथ्याच्या ठाकरवाडीत चाळीस माणसांचे गळे ही हवा दरवर्षी आवळते.

गेल्या आश्विनात तिनं ठमीचा गळा आवळला. ठमी ही चांगुणाची सून, वय जेमतेम पंचवीस, डोईवर दोन हंडे घेऊन ओढ्यातून पळत वर येणारी. ती उंबऱ्याशी बसून राहिली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, छातीत अखंड, अविरत, अनावर शीळ. "पाणी" म्हणायची, आणि "दे" म्हणायला श्वास उरायचा नाही. चौदा दिवस ती अशी अर्धी वाक्यं बोलत होती.

चांगुणा तिला दमवेलीचं पान देत होती. कड्याच्या सावलीत, झुडपांच्या अंगाखांद्यावर चढणारी ती जाडसर पानांची वेल तिच्या आईनं तिला दाखवली होती, आईला तिच्या आईनं. पण आरोग्यकेंद्रातल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की या पानानं उलट्या होतात, गुण येतो याला पुरावा नाही. शहरातली माणसं इथं येऊन चाचणी घेणार आहेत, तीत पान उतरलं तर दे, नाही उतरलं तर हात आवर, नाहीतर गुन्हा दाखल होईल. चांगुणाचे हात साठ वर्षांचे होते. त्यांना आवरायला कुणी सांगितलं नव्हतं आजवर.

चाचणी घेऊन आली सुमेधा टिकेकर. कृश, कनवाळू, काटेकोर अशी ती संशोधिका. दम्याशी तिचं बाळपणापासूनचं नातं, पर्समध्ये निळा पंप कायमचा. या वेलीवर तिची श्रद्धा होती आणि श्रद्धेवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तर ती मोजायला आली होती. श्रावणाच्या ओल्या, हिरव्या, झिरमिरत्या उजेडात चिंचेखाली तिनं चाळीस डब्या मांडल्या. प्रत्येक डबीवर आकडा, प्रत्येक डबीत हिरव्या कॅप्सूल, रंगानं एक, आकारानं एक, वजनानं एक.

मग तिनं संमतीचा कागद वाचून दाखवला. वीस डब्यांत दमवेलीची पूड आहे. वीस डब्यांत तांदळाचं पीठ आहे. कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही. नव्वद दिवसांनी दोन्ही गटांचा श्वास मोजू, आणि मध्येच दम लागला, तर पंप आरोग्यकेंद्रात मिळेल. ते केंद्र तीन तासांच्या चालीवर होतं आणि तिथलं पंपांचं कपाट होळीपासून रिकामं होतं. सुमेधानं कागदावर विश्वास ठेवला, कपाट उघडून बघितलं नाही. माणसांनी मात्र माना हलवल्या, अंगठे उठवले, आणि ती समाधानानं निघून गेली.

वाडीत मान हलते ती ऐकलं म्हणून. पटलं म्हणून हलत नाही. हे तिला कोण सांगणार?

जीपची धूळ वळणाआड गेली, आणि चांगुणानं हाळी घातली. चाळीस माणसं पुन्हा चिंचेखाली आली, डब्या हातात घेऊन. तिनं मध्ये सूप ठेवलं. कड्यावरचं पोळं उतरलं, रानातून काही हाती लागलं, तर ते याच सुपात पडतं आणि याच सुपातून वाटलं जातं. आलेल्याला वाटा, न आलेल्याला वाटा, पोटुशीला दोन. ज्यानं पोळं उतरवलं, त्याचाही तेवढाच. रानातून आलेलं एकट्यानं खाल्लं तर अंगी लागत नाही, ही इथली रीत. आणि दमवेल काय शहरातून आली होती?

तिनं पहिली डबी उपडी केली. मग दुसरी. मग सगळ्यांनी. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ, हिरव्या कॅप्सूलचा ढीग सुपात चढत गेला, पानाच्या आणि पिठाच्या, खऱ्या आणि खोट्या, आणि कोणती कोणती हे आता त्या बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. चांगुणानं सूप पाखडल्यासारखं तीनदा हलवलं आणि मुठीमुठीनं चाळीस वाटे केले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. दम लागलेल्या माणसाला पीठ द्यायचं आणि वर ते लिहून ठेवायचं, ही कसली जात आहे माणसांची, असं तिच्या मनात चाललं होतं.

दर महिन्याला नव्या डब्या आल्या. दर महिन्याला सूप निघालं.

कार्तिकात गवत कापणीला आलं. विळे चालले, पेंढ्या पडल्या, पिवळी धूळ उन्हात तरंगत राहिली. अशा धुळीतून सुमेधा वर चढली, थांबत, टेकत, पंप ओढत. तिच्या हातात अहवाल होता. संस्थेच्या साहेबांची सही झाली होती, तिची राहिली होती, आणि सही करण्यापूर्वी चांगुणाला समोर बसून सांगावं एवढी माणुसकी तिच्यात होती. चिंचेखाली माणसं जमली. तिनं शेवटची ओळ वाचली. दोन्ही गटांना थोडाथोडा गुण आला, परंतु दोन गटांत फरक आढळला नाही, सबब दमवेल दम्यावर निष्प्रभ.

"म्हणजे मावशी, आता तुम्हाला पान देता येणार नाही," ती खाली बघत म्हणाली. "मला वाईट वाटतं."

"फरक कसा पडंल, बाय?" चांगुणा शांतपणे म्हणाली. "आमी सारं येका सुपात वतलं. सारखं वाटून खाल्लं."

सुमेधाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"तीन वर्षं, मावशी. तीन वर्षं मी या कामासाठी दारोदार फिरले. तुमचं पान खरं ठरावं म्हणूनच ना? तुम्हीच त्याच्या मुळावर घाव घातलात. हा कागद आता तुमच्याविरुद्ध जाईल, आणि मला काही बोलता येणार नाही." आवाज चढला तशी छातीतली शीळ चढली. तिनं पर्समध्ये हात घातला.

चांगुणानं तिचं मनगट धरलं. पंप मुठीत तसाच राहिला.

"थांब. ह्यात दवा हाय का नुसता वारा, तुला ठावं हाय?"

सुमेधाला बोलायला श्वास नव्हता.

"तुजा पंप मी भरून देते. वारा भरते का दवा भरते, सांगनार नाय. नव्वद दिस वढ. मग मी तुजा श्वास मोजते, कागदाव लिवते. चालंल?" ती मनगट सोडत म्हणाली. "माज्या सुनंला तू हेच केलंस. आन पंप कुठं मिळंल म्हनालीस? माजा नातू दोनदा जाऊन आला. कपाटात झुरळं व्हती."

सुमेधानं पंप ओढला. एकदा, दोनदा. सगळी वाडी बघत होती, आणि कुणाच्याही डोळ्यांत दया नव्हती. ती धगधगीत, निर्वाणीची, न्याय्य अशी चीड तिच्या अंगावर उन्हासारखी पडली. कपाट मी उघडून का बघितलं नाही, हा प्रश्न तिनं प्रथमच स्वतःला विचारला, आणि उत्तर लाजिरवाणं होतं. ते बघण्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

तिनं अहवाल मांडीवर ठेवला. "निष्प्रभ" हा शब्द खोडला. पेन इतकं दाबलं, की कागद फाटला. खाली लिहिलं: औषध आम्ही निम्म्यांना दिलं, त्यांनी ते सगळ्यांना दिलं. दम्याचा पंप जवळ नव्हता, तो दोष आमचा. चाचणी रद्द. वेल खरी की खोटी, हे ठरलेलं नाही. मग सही केली. ही सही तिला महाग पडणार होती, संस्थेचे साहेब तिला दारात उभं करणार नव्हते.

"पुन्हा करावी लागेल," ती म्हणाली. "आणि पीठ पुन्हा लागेल. त्याशिवाय खरं कळत नाही, मावशी. हे मी तुमच्यासाठीसुद्धा बदलू शकत नाही."

"मंग पीठ सगळ्यांना दे," चांगुणा म्हणाली. "पान बी सगळ्यांना. आधी कुनाला काय, ते तुजं तू ठरव. पन वाटा सारखा. आन पंप आधी वाडीत आनून ठेव."

अशी रीत सुमेधाच्या पुस्तकांत होती. प्रत्येकाला दोन्ही, आलटून पालटून. वेळ दुप्पट लागतो म्हणून साहेबांनी ती बाजूला सारली होती, आणि तिनं सारू दिली होती. तिला स्वतःचाच संताप आला.

"आनि आता वाच," चांगुणाचा राग अजून निवला नव्हता. "कोन कोन पिठाचं व्हतं, समद्यांसमोर वाच."

कुणाला पान, कुणाला पीठ याची, चाचणी संपल्यावर उघडलेली यादी तिनं काढली. बुधी गोमा उघडे. बुधी उभी राहिली. काळू पदू आगिवले. काळू उभा राहिला. नवशी. राघो. म्हातारा चिमाजी, काठी टेकत. एकेक नाव, एकेक माणूस, आणि प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता. एकोणीस झाली. विसाव्या नावावर तिनं बोट ठेवलं.

"ठमी लहानू उघडे."

कुणी उठलं नाही. ठमी कापणीला वर गेली होती. चांगुणानं तोंडाशी हात धरून कड्याच्या दिशेनं हाळी दिली.

क्षणभर नुसता वारा. मग वरून ओ आली. कूऽऽऽ. हा पुरावा नव्हे, हे सुमेधाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिचे डोळे भरून आले. त्या पिवळ्या, परागमत्त, जीवघेण्या माथ्यावर, कापल्या गवताच्या धुळीत उभी राहून ठमी सासूला ओ देत होती. ओ कड्यावर आपटली, घळीत उतरली, पलीकडच्या डोंगरावर चढली, मंद झाली, लांबली, आणखी लांबली, आणि एकाच श्वासातली ती ओ अजून संपत नव्हती.