ओताकी धक्क्यावर उभी आहे

ओताकीला मी सोमवारी धक्क्यावर नेऊन उभी केली आणि तिथेच माझं लिहिणं थांबलं.

ओताकी म्हणजे माझ्या कादंबरीतली जाळी विणणारी बाई. आमच्या बंदराच्या सायंदैनिकात ही कादंबरी रोज थोडी थोडी छापून येते. ओताकीचा नवरा उत्तरेकडे खेकडे धरायला गेला तो परतलाच नव्हता. आता बोट येते आहे असं कळल्यावर हातातलं जाळं टाकून ती धावत आली. बोटीतून कोण उतरणार हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक आहे, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

आमच्या कामाची रीत अशी, की चित्र आधी लागतं. त्याचा छपाईचा ठसा करायला वेळ जातो. म्हणून पुढच्या भागात काय आहे ते मी चित्रकार कुवाहारांना फोनवर सांगायचं, त्यांनी चित्र पाठवायचं, आणि मजकूर मागून पोचायचा. इतकी वर्षं आम्ही असं काम करतो, पण भेटलो क्वचितच. माणूस समोर आला की मला बोलायला सुचत नाही. त्यांना बहुधा बोलायला आवडत नाही. सोमवारी मी त्यांना सांगितलं, ती उभी आहे, समुद्राकडे बघते आहे. मंगळवारी सांगितलं, उभीच आहे, वारा सुटला आहे. बुधवारी धुकं आणलं. ते नुसते "हं" म्हणायचे. मजकुरात मी दीपगृहाचं वर्णन केलं, समुद्रपक्ष्यांचं केलं, आणि मग तेही संपलं.

बायको, चिझु, बाजारातून आली ती हसतच. मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणणाऱ्या मासळीवाल्याने तिला थांबवून निरोप दिला होता, "सेन्सेईंना म्हणावं, त्या बाईला बसायला तरी सांगा." माझा चेहरा बघून ती पिशवी घेऊन आत गेली.

आम्ही लिहितो तो कागद चौकटींचा असतो, एकेका अक्षराला एकेक घर. त्या घरांत कुणी राहायला येईना. मी ओताकीचं नाव लिहायचो आणि खोडायचो. माझी जुनी पुस्तकं काढून वाचली. ती ज्याने लिहिली होती तो गृहस्थ माझ्याहून बराच शहाणा वाटला, आणि त्याची माझी ओळख असेल असं काही दिसेना. मी कधी लेखक नव्हतोच, इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच, असं मनात यायचं आणि जायचं नाही. गुरुवारी कुवाहारांना फोन करायचं धैर्यही उरलं नाही. न्हाणीचं पाणी तापलं म्हणून चिझु सांगायला आली, तेव्हा मी कोऱ्या कागदांवर कपाळ टेकून बसलो होतो. ती जाऊन पाणी झाकून आली.

शुक्रवारी दुपारी संपादक तोगाशी स्वतः आले. एरवी मजकूर न्यायला ते शिपाई पाठवत. आत या म्हटलं तरी आले नाहीत, बूट न काढता दाराच्या पायरीवर बसले. भला माणूस. घसा खाकरून म्हणाले की आजची जागा अजून रिकामी आहे आणि छापखाना थांबणार नाही. मग खिशातून चार ओळींचं निवेदन काढलं: लेखकाच्या प्रकृतीमुळे ही कादंबरी येथेच थांबवत आहोत. एका तरुण बाईची कादंबरी तयार होती. भराभर लिहिते म्हणाले. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या वयाच्या माणसाची थांबलेली कादंबरी पुन्हा कुणी सुरू करत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"छापा," मी म्हणालो. आणि मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच भीती वाटली.

तोगाशींनी मान लववली. उठताना म्हणाले, कुवाहारांचं चित्र येऊन पडलं होतं, आता ते त्यांना परत करावं लागेल. चित्र त्यांनी पायरीवर ठेवलं.

मी काही सांगितलंच नव्हतं, तर चित्र कसलं? मी वाकून पाहिलं. ओताकी बोटी बांधायच्या खुंट्यावर बसली होती, समुद्राकडे पाठ करून. खडावा काढून पाय मोकळे सोडले होते. हातात भाताचा गोळा होता आणि तोंडात एवढा मोठा घास, की गाल फुगला होता. तिच्या पाठीमागे, कोपऱ्यात, बोटीचं नाक आलेलं दिसत होतं.

मला संताप आला. मी तोगाशींच्या देखत फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुवाहारांवर आवाज चढवला. ती बसलेली नाही म्हणालो. नवऱ्याची बोट आलेली असताना कुठली बाई जेवते?

ते म्हणाले, "सेन्सेई, तुम्ही बसून लिहिता. तिचे पाय मला काढावे लागतात."

मी फोन ठेवला. पुन्हा चित्राकडे पाहिलं. वळून बघितलं तर नवरा आला की नाही ते तिला कळणार होतं. ती चावते आहे तोवर बोटीतून कुणी उतरलेलं नाही. उतरलेलं नाही म्हणजे हरवलेलंही नाही. ही भीती मला परकी नव्हती. आठवडाभर मी दुसरं काय करत होतो?

तोगाशींना थांबा म्हणायचंही मला सुचलं नाही. कागद घेऊन तिथेच, दारातल्या फळीवर, मी ओणवा झालो. 'भात गार झाला होता,' असं लिहिलं. तो कुणी दिला? शेजारणीने वाटेत हातात कोंबला असणार. आत खारवलेला आलुबुखार होता, आणि ओताकीला तो मुळीच आवडत नव्हता. तिने तो खाल्ला. घरं भरत गेली. तोगाशींनी बूट काढल्याचा आवाज आला. चिझुने त्यांच्यापुढे चहा ठेवला असावा.

शेवटच्या ओळीत ओताकीने बोटांना चिकटलेली शितं चाटून पुसली आणि मान वळवली. भाग फार चांगला उतरला असं नाही. तोगाशींनी वाचला, घड्याळ पाहिलं, आणि निवेदन घडी घालून पुन्हा खिशात ठेवलं. फाडलं नाही.

ते गेल्यावर मी कुवाहारांना फोन केला. माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात, म्हणून उद्याच्या भागात काय आहे ते त्यांनाच विचारलं.

"आधी तिला पाणी प्यायला द्या," ते म्हणाले.