हिरवा राम

थायलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या वस्तू दोन महिन्यांसाठी जर्मनीत एर्लांगेनच्या म्युझियममध्ये आल्या होत्या आणि नववीतली कौमुदी आज त्या वस्तू तिथल्या महाराष्ट्र मंडळाला मराठीतून दाखवणार होती. ही तिची परीक्षाच होती. म्युझियमच्या फ्राऊ ब्रांड्ट मागे उभ्या होत्या. त्यांना मराठीतला म कळत नव्हता. लोक कोणामागे चालतात, एवढंच त्यांना बघायचं होतं. कौमुदीमागे चालले, तर दर शनिवारची टूर तिची.

आणि लोक चालले होते पद्माकरकाकांमागे!

काका म्हणजे शेजारच्या हेर्त्सोगेनआउराख गावी बेअरिंग डिझाइन करणारे गृहस्थ. जगात जे जे बेअरिंग नाही, ते ते आपल्याकडूनच गेलंय, असं त्यांचं ठाम मत. अयुथ्या या जुन्या थाई राजधानीतली बुद्धमूर्ती आली. कौमुदीने तोंड उघडायच्या आत काका, "अयुथ्या म्हणजे आपली अयोध्या! पुढे चला." गणपती आला. "हा तर आपलाच!" थाई लोकांनी स्वतःहून काही केलंच असेल, तर ते काकांना न विचारता, चोरून केलं असावं.

"काका, मी सांगतेय ना," कौमुदी म्हणाली.

"सांग की बाळा. चुकलीस तर मी आहेच."

बाळा म्हणे!

पुढच्या काचेआड थाई रामायणाच्या नाचाचे मुखवटे होते. पहिलाच हिरवागार, उंच सोनेरी मुकुटाचा. काकांनी चटकन हात जोडले. "प्रभू रामचंद्र! तिकडे राम हिरवा असतो, वाचलंय मी." झालं, अख्खं मंडळ वाकलं.

"अहो, पण सुळे दिसतायत," मीनलकाकू एक डोळा उघडून म्हणाल्या.

"युद्धाचा प्रसंग आहे. रागावलेत."

आता गप्प बसलं तर शनिवार गेला. बोललं तर मंडळात जन्मभर 'आगाऊ कार्टी'. गेलं मंडळ खड्ड्यात!

"गेनाऊ, अगदी बरोबर, काका. राम हिरवाच असतो. पण तो पलीकडचा, शांत चेहऱ्याचा. हा रावण आहे. मुकुटावर त्याची बाकीची तोंडं बघा."

सगळ्यांनी मुकुट बघितला. मग काकांकडे बघितलं. त्यांचे हात अजून जोडलेलेच.

"माहितीये मला," काका म्हणाले. "रावण केवढा शिवभक्त! माझा नमस्कार त्याच्या विद्वत्तेला होता."

"मग प्रभू रामचंद्र कोणाला म्हणालात?" काकूंनी विचारलं आणि उत्तराची वाटही न बघता त्या वळल्या. "कौमुदी, खरा राम दाखव गं. मला माझा नमस्कार बदलून घ्यायचाय."

हशा पिकला. सगळे कौमुदीमागे निघाले, ते शेवटच्या दालनापर्यंत. काका रावणासोबत मागे राहिले. दोघांचं जमत असणार.

बाहेर पडताना फ्राऊ ब्रांड्टनी जर्मनमध्ये विचारलं, "ते गृहस्थ काय म्हणत होते?"

"त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं म्हणे."

"असा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतो," त्या हसल्या. "शनिवार तुझा."

कौमुदी उडीच मारणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"शनिवार? वा, मारुतीचा वार! मी येत जाईन हं दर वेळी, तुझ्या मदतीला."